न चढवलेली खुर्ची

तारकर्लीहून कट्टा गावाला माझी बदली झाली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो गाडीचा. घरात माणसं दोनच, बाबा आणि मी. पण सामान सगळं सागवानी आणि जड. बाबांचा पलंग, जेवणाचं टेबल, दोन बाकं, ट्रंका, भांड्यांची मांडणी आणि आईचं आरशाचं कपाट. बाबा पोस्टमास्तर होते. त्यांच्या नोकरीभर हे सामान गावोगाव फिरलं, पण आईच्या आरशाला कधी तडा गेला नाही. आता आई नव्हती, आणि तो आरसा माझ्या हातून फुटू नये एवढीच मला काळजी होती.

चौऱ्याऐंशी सालची ही गोष्ट. शिमगा नुकताच आटपला होता. आमचं भाड्याचं घर माडांच्या बागेत, डांबरी रस्त्यापासून बरंच आत होतं. वाट सगळी भुसभुशीत वाळूची. ट्रक आत आला असता तर रुतलाच असता, आणि रस्त्यावर उभा करायचा तर कपाट तिथवर खांद्यावरून न्यायला हवं. म्हणून ट्रकचा विचार सोडला. उरल्या तीन गाड्या.

सत्यवानाकडे लिलावात घेतलेली जुनी सरकारी जीप होती आणि तिच्यामागे दोन चाकांचा छोटा ट्रेलर. गणपतकडे ट्रॅक्टर आणि ट्रॉली. ट्रॉली ऐसपैस, पण तिच्यातून चिरे वाहायचे. खाली स्प्रिंगा नाहीत, त्यामुळे प्रत्येक खड्डा सामानाच्या सांध्यात बसणार. तिसरा गुरुदासचा मॅटॅडोर टेम्पो. तो बंद पाठीचा, चालायला मऊ, पण मासळी नेणारा. मी त्याचं मागचं दार उघडून पाहिलं. आतला पत्रा गंजून फुगला होता, कोपऱ्यांत खवले चिकटून वाळले होते आणि बर्फाच्या पाण्याचा काळा चिकट थर तळाला बसला होता. बाबांनी नुसतं डोकावलं आणि धोतराचा सोगा नाकाला लावला.

"ह्याच्यात माझो पलंग? नको गो बाय."

बाबा तसे फार स्वच्छ. दोन वेळा आंघोळ, पांढरंशुभ्र धोतर, पहाटे समुद्राच्या कडेनं देवबागच्या बाजूला लांब चक्कर. सत्तरी उलटली होती, पण काठी धरलेली नव्हती. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा पीत नसत.

मी स्वतः नर्स. किळस हा प्रकार मला परवडणारा नव्हता. जखमांतल्या अळ्या, बाळंतिणींचं रक्त, म्हाताऱ्यांची अंथरुणं हे सगळं हातांनी काढलेलं. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते एखाद्या नाजूक बाईचं बोलणं समजू नये.

शेवटी मी जीप आणि ट्रेलर ठरवला. ट्रेलर लहान, त्यामुळे फेऱ्या जास्त होणार होत्या. पण तो हळू, हलका चालायचा आणि बाबांना पुढे जीपमध्ये बसवून नेता आलं असतं.

पहिल्या फेरीला मांडणी, ट्रंका आणि टेबल भरलं. मी समोर उभी राहून एकेक वस्तू चढवून घेतली. वर ताडपत्री घातली, दोर आवळला. बाबा छत्री मांडीवर घेऊन सत्यवानाशेजारी बसले, मी मागे. वायरी, मालवण, कुंभारमाठ, चौके करत आम्ही उन्हं चढायच्या आत कट्ट्याला पोचलो. नवं घर बाजारापासून जवळ होतं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण आणि मागे परसात संडास.

सत्यवानानं दोर सोडला, ताडपत्री ओढली, आणि तसाच मागे सरला.

टेबलाच्या उलट्या पायांमध्ये एक खुर्ची होती.

हातांची, जुन्या काळपट लाकडाची. पाठीला वेत. बसायच्या फळीला मधोमध गोल भोक, आणि त्याखाली लाकडी खाचेत सरकवलेलं निळ्या काठाचं एनॅमलचं भांडं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी करतात तसली संडासाची खुर्ची. भोकाची कड माणसाच्या कातडीनं घासून घासून गुळगुळीत झाली होती. तिच्यावर पिवळट पुटं चढली होती, काही वाळलेली, काही ओली. वेताच्या विणीत तेलकट पांढरे केस अडकले होते. हातांच्या टोकांशी नखांचे ओरखडे होते आणि त्या ओरखड्यांत मळ भरला होता.

"ही कोणाची रे?" मी विचारलं.

"तुमचीच मां?"

"आमची नाय."

"मगे कशी इली? तुमीच समोर उभ्या ऱ्हवून सामान भरून घेतल्यात." सत्यवान थुंकला. "शी! काय ह्यो वास!"

वास उन्हात तापलेल्या मुतारीसारखा होता, पण त्याच्याखाली आणखी काहीतरी गोडसर होतं. बाबा अंगणातूनच ओरडले, "घाण आसा ती! माझ्या दारात उतरवू नको. जेची आसा तेका परत धाडून दे."

मला वाटलं, आधी कुणाचं तरी सामान नेताना ट्रेलरात राहिली असेल. पण राहिली कशी, हे मात्र कळेना. रिकामा ट्रेलर मी स्वतः झाडला होता. सत्यवानानं एका गोणपाटात हात गुंडाळून खुर्ची पुन्हा ट्रेलरात टाकली आणि तो गेला.

मी सामान लावायला कट्ट्यालाच राहिले. एक-दोन दिवसांनी सत्यवान निरोप घेऊन आला. ज्यांचं ज्यांचं सामान त्यानं नेलं होतं त्या सगळ्यांना विचारून झालं होतं. कुणाचीच नव्हती.

"कुंभारमाठच्या पडक्या चिरेखाणीत टाकलंय," तो म्हणाला. "वरसून खाली. एक पाय मोडलो तिचो, मी बघितलंय. पण बाई, माझो ट्रेलर तीनदा धुतलंय, वास जाणा नाय. रागावू नकात, पुढची फेरी माका जमाची नाय."

मलाही तो ट्रेलर पुन्हा नकोच होता. मी गणपतच्या ट्रॅक्टरला सांगितलं.

त्या वेळी मी जास्त काळजी घेतली. बाबांना कट्ट्यालाच ठेवलं आणि तारकर्लीला एकटीच गेले. ट्रॉली फिनेलनं धुऊन काढली, उन्हात वाळवली, तळाला पेंढा पसरला. शेजारची हौसाबाई मदतीला आली होती. तिला मी खुर्चीचं विचारलं. ह्या घरात आधी कुणी आजारी म्हातारं होतं का?

"होता तर माका म्हायत नसता?" ती म्हणाली. "आणि असली खुर्ची आमच्यात कोण वापरतला? मराक टेकलेलोय माणूस धरून धरून भायर जाता."

पलंगाचे भाग सुटे करून भरले, दोन्ही बाकं भरली. मी पेंढ्यात हात घालून चाचपून पाहिलं. दोर स्वतः बांधला. मग ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागे तोंड करून बसले आणि कट्ट्यापर्यंत ट्रॉलीवरून नजर काढली नाही. गणपत वाटेत कुठे थांबला नाही. मालवणच्या बाजारात लोक माझ्याकडे बघून हसले, तरी मी मान वळवली नाही.

अंगणात आल्यावर बाकं उतरवली. पलंगाची चौकट उचलली.

ती पेंढ्यात होती.

पाय चारही धड होते. त्यांना खाणीची तांबडी माती लागली होती. खालचा पेंढा भिजून काळा पडला होता आणि त्या ओलीतून मुंग्यांची रांग भांड्यापर्यंत गेली होती. मी पुढे झाले. ताप बघतात तसा हाताचा पालथा पंजा फळीला लावला.

फळी उबदार होती. उन्हानं तापलेल्या लाकडाची ती ऊब नव्हती. आताच कुणीतरी उठून गेलेल्या जागेला असते तशी, दमट.

मी हात मागे घेतला आणि विहिरीवर जाऊन कार्बोलिक साबणानं कोपरापर्यंत धुतला. परत आले तर गणपत होता तिथेच उभा होता.

"बाई, ही मी चढवलेली नाय. तुमी सगळा बघी होतास."

"माका म्हायत आसा. रॉकेल हाड."

आम्ही ती अंगणाच्या कडेला जाळली. जळताना तिच्यातून फेस आला. लाकडातून असा पिवळा फेस येताना मी कधी पाहिला नव्हता. केस जळल्याचा, मूत उकळल्याचा वास घराघरांत गेला, रस्त्यावरच्या दुकानदारांनी फळ्या लावून घेतल्या. गणपत दोनदा बाजूला जाऊन ओकला. बाबा मात्र ओटीवर उभे राहून बघत होते. या वेळी त्यांनी नाकाला सोगा लावला नव्हता.

"जाळतस कित्याक गो?" ते म्हणाले.

"बाबा, परवा तुमीच म्हणालात, घाण आसा."

"बसाक बरी होती." ते खाली विझत आलेल्या निखाऱ्यांकडे बघत राहिले. "पाठ टेकाक मिळता अशा खुर्चीत."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं तेव्हा दिसलं, त्यांचा एक हात भिंतीला होता. नुसता टेकलेला नव्हता, भिंत धरली होती. त्या दिवशी पहाटे ते फिरायलाही गेले नव्हते.

राख मी परसात खड्डा काढून पुरली. भांडं तेवढं जळलं नव्हतं. ते दगडानं ठेचून पत्रा केला आणि राखेच्या खाली घातला.

आता तारकर्लीत फक्त आईचं कपाट राहिलं होतं. गणपतनं हात जोडले, पुन्हा ट्रॉली आणणार नाही म्हणाला. माझ्या मनात आलं, कपाट तिथेच सोडून द्यावं. पण बाबा सारखे त्याचंच विचारत होते. आणि मलाही, खरं सांगायचं तर, हे एकदा धसाला लावायचं होतं. उघड्या ट्रेलरात, उघड्या ट्रॉलीत कुणी काहीतरी करू शकतं. कसं, ते मला सांगता येत नव्हतं, पण करू शकतं. बंद पत्र्याच्या खोक्यात, मी आत बसलेली असताना, नाही.

म्हणून मी गुरुदासचा टेम्पो ठरवला.

"बाई, आत बसाक जमाचा नाय तुमका," गुरुदास म्हणाला. "वासान मरशात. पुढे बसा."

"मी आतच बसतलंय. भायरसून कडी घाल."

कपाट आडवं करून, गोधड्यांत गुंडाळून आत सरकवलं. ते टेम्पोच्या पुढच्या पत्र्याला जाऊन टेकलं. एका बाजूला मी मासळीच्या रिकाम्या खोक्यावर बसले, दुसऱ्या बाजूला कपाट आणि पत्रा यांच्यात हात जाईल एवढीसुद्धा फट नव्हती. तो कोपरा मी बॅटरी लावून पाहिला. खवले आणि गंज, बाकी काही नाही. बॅटरी मांडीवर ठेवली. कडी लागली.

बाहेर टळटळीत दुपार होती. आत दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती, तेवढीच. मासळीचा वास नाकात भरला होता, पण तो ओळखीचा होता. मी तोंडानं श्वास घेत बसले. मालवण मागे पडलेलं हॉर्नच्या आवाजांवरून कळलं. कुंभारमाठचा चढ लागला तसं कपाट थोडं मागे सरकलं, मी पाय लावून धरलं.

चौक्याच्या पुढे वास बदलला.

मासळीच्या खालून तो दुसरा वर आला. गोडसर. मी पदर तोंडात कोंबला.

मग आवाज सुरू झाला. एनॅमलवर पडणारी बारीक धार.

हा आवाज मी अर्धं आयुष्य ऐकत आले आहे. म्हाताऱ्या पुरुषांची धार सलग नसते. सुरू होते, थांबते, जोर लावल्यावर पुन्हा थोडी येते. तशीच ती येत होती. कपाटाच्या पलीकडून, जिथे हात जाईल एवढी फट नव्हती तिथून.

मी बॅटरीचं बटण दाबलं. ती लागली नाही.

मी पुढच्या पत्र्यावर मूठ आपटली. इंजिनाच्या आवाजात गुरुदासला काही ऐकू गेलं नाही.

धार थांबली. पुन्हा सुरू झाली. थेंब, थेंब.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सवयीनं. खाटेपाशी पाठ करून उभं राहून आपण विचारतो ना, तसं.

"झालं का?"

सगळं शांत झालं.

मग कुणीतरी खाकरलं. अगदी हलकं. बाईमाणसासमोर संकोचलेला माणूस खाकरतो तसं.

मी पाठ फिरवली. का ते मला आजही सांगता येत नाही. दाराच्या फटीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि कट्टा येईपर्यंत तशीच बसून राहिले. माझ्या पायाखालून काहीतरी कोमट ओघळ दाराकडे जात होता. चपला ओल्या झाल्या. मी पाय वर घेतले नाहीत. हलले तर त्या माणसाला वाटेल की मी वळून बघते आहे.

गुरुदासनं कडी काढली. मी खाली उतरले आणि अंगणातच बसून ओल्या चपला काढल्या. गुरुदासनं आत पाहिलं आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

मान वर केली तेव्हा दारात बाबा दिसले. दोन्ही हातांनी चौकट धरून उभे होते. पाय थरथरत होते. धोतर अर्धं सुटलं होतं आणि पुढे ओलं झालं होतं. माझे बाबा, ज्यांचं सुटलेलं धोतर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"इलंस?" ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर कसलीही लाज नव्हती, नुसती घाई होती. "लवकर उतरय गो ती. कधीची वाट बघतंय."

मी नाही म्हणाले नाही. गुरुदासनं आणि मी कपाट उतरवलं, आणि मग ती. भांड्यात होतं ते मी परसात ओतलं, त्याच खड्ड्याच्या बाजूला. खड्ड्यावरची माती मी थापली होती तशीच होती. बाबांना खुर्चीवर बसवलं तेव्हा त्यांनी पाठ वेताला टेकली, डोळे मिटले आणि दोन्ही हात लाकडी हातांच्या टोकांशी नेऊन ठेवले. बोटं ओरखड्यांत बसली.

त्यानंतर बाबा फारसे उठले नाहीत. दवाखान्यातले डॉक्टर येऊन तपासून गेले. छाती चांगली होती, रक्तदाब चांगला होता. वय झालंय, म्हणाले. भांड्याला मुंग्या लागत होत्या, म्हणून साखर आहे का बघायला मी लघवी तपासली. बाबांची वेगळी बाटलीत धरून घेतली, बेनेडिक्टच्या द्रावणात घालून उकळली. निळी राहिली. साखर अजिबात नव्हती. मग भांड्यातली घेतली. ती उकळायच्या आधीच हिरवट झाली आणि मग विटेसारखी तांबडी, म्हणजे साखर भरपूर. मी परीक्षानळी धुऊन तपासणी पुन्हा केली. तसंच आलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, नमुना कुठेतरी बदलला असेल.

मला जेवण जात नसे. हात कितीही धुतले तरी घास तोंडाशी नेताना वास यायचा. वर्षानुवर्षं परक्यांची घाण काढताना जी किळस मला आली नाही ती माझ्याच बापाच्या खोलीत येत होती. तिची मला शरम वाटायची, पण ती घाण बाबांची नव्हती हे मी कुणाला सांगणार? पण महिना गेला, दोन गेले, आणि ती बोथट झाली. सकाळी उठायचं, भांडं काढायचं, ओतायचं, राखेनं घासायचं, परत सरकवायचं. हात आपोआप चालायला लागले. बाबा खुर्चीतून मला बघायचे. बोलणं कमी झालं होतं. कधीतरी मान बाजूला कलवून ऐकल्यासारखं करायचे आणि हसायचे. "हो, हो," म्हणायचे. "बसा. माझा झाला."

चतुर्थीच्या आधी बाबा गेले. पलंगावरच गेले, झोपेत, शांतपणे. मालवणहून, तारकर्लीहून माणसं आली. हौसाबाई राहायलाच आली होती. तिनं खुर्ची पाहिली आणि आपलं अंथरूण ओटीवर घातलं. तेराव्यानंतर पाहुणे गेले. हौसाबाईच्या मदतीनं सगळं घर धुऊन काढलं, भांडं घासून कोरडं करून ठेवलं, बाबांची गादी आणि कपडे देऊन टाकले. संध्याकाळच्या गाडीनं तीही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी उठले. भांडं काढलं, परसात नेऊन ओतलं, राखेनं घासलं, विसळलं, आणून खाचेत सरकवलं. हात धुऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं. फडताळातून दोन कप काढले, आणि दुसरा कप हातातच राहिला.

मी वळून परसाच्या दाराकडे पाहिलं. भांडं दोन्ही हातांनी धरून न्यावं लागलं होतं. सांडू नये म्हणून मी पावलं जपून टाकत गेले होते.